नव्याण्णव मेंढरं कोणाकडे होती?

ज्या वह्यांचं हे पुस्तक झालं आहे त्या माझ्या सुनेच्या. त्या वह्यांत जे लिहिलं आहे ते घडू नये म्हणून मी माझ्याकडून होईल तेवढी खटपट केली होती. प्रस्तावना लिहिणाऱ्यानं पुस्तकाच्या बाजूचं असावं असा संकेत आहे. मी बाजूची झाले, पण उशिरा झाले आणि पुरती झाले नाही. वाचकांना हे आधी ठाऊक असलेलं बरं.

छत्तीस वर्षं मी नगरला एका मिशन शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. सासरे राहुरीकडच्या एका खेड्यात मास्तर होते, त्यांचे वडीलही मास्तर. रविवारी तेच उपासना चालवायचे आणि सोमवारी तेच हजेरी घ्यायचे. गावात आमच्या घराला आडनावानं कोणी ओळखतच नसे. ‘मास्तराचं घर’ म्हटलं की पुरे. अशा घरातल्या मुलानं आणि सुनेनं एका नाताळात, जेवणं उरकल्यावर, करंज्यांचा डबा मध्ये ठेवून सांगितलं की मुलीला शाळेत घालणार नाही, घरीच शिकवणार.

मी म्हटलं, “शाळेनं तुमचं काय घोडं मारलंय?”

सून म्हणाली, “आई, शाळेनं काही केलं नाही. पण पोरीला तीन वर्षं दोन महिने झालेत. चप्पल कुठल्या पायाची कुठली ते तिला अजून कळत नाही, आणि मागच्या आठवड्यात तिची मुलाखत झाली.”

पुण्यातल्या त्या शाळेत मुलाखत घेणाऱ्या बाईंनी सफरचंद दाखवून रंग विचारला. नात म्हणाली, “आतून पांढरा.” बाईंनी कागदावर फुली मारली.

मी हसले, पण मनातून चिडलेली होते. रागाचं कारण त्या दोघांना तेव्हा समजलं नाही, म्हणून इथे सांगते. मराठी ख्रिस्ती समाज, निदान आमच्या नगर जिल्ह्यातला, शाळेनं घडवलेला समाज आहे. अमेरिकन मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला ठाणं झालं, आणि प्रार्थनेची घंटा नि शाळेची घंटा आमच्याकडे जवळजवळ बरोबरच वाजू लागली. याच मिशनच्या शिक्षिका सिंथिया फॅरार १८२७ च्या अखेरीस मुंबईच्या किनाऱ्यावर आल्या. पुढे नगरला मुलींना शिकवता शिकवता १८६२ साली तिथेच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते याच फॅरारबाईंकडे, नगरला. आमच्यातल्या बहुतेक घरांचे मूळ पुरुष महार-मांग वाड्यांतून आलेले. त्यांच्यासाठी शाळा म्हणजे काय होतं, ते एका सरकारी ठरावावरून कळतं. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्यानं थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारचं उत्तर असं, की न्याय तत्त्वतः मुलाच्या बाजूनं आहे, पण एकट्यासाठी बाकीच्या सगळ्यांची शाळा मोडणं योग्य होणार नाही. हा ठराव मी दरवर्षी दहावीच्या वर्गात तोंडी सांगत असे, अभ्यासक्रमात नसला तरी. ज्या पणजोबांना शाळेच्या पायरीवरून परत पाठवलं, त्यांची पणती आपण होऊन शाळा नको म्हणते, याला मी माज म्हटलं. हाच शब्द वापरला होता. सुनेनं तो पहिल्या वहीत तारखेसह नोंदवला आहे आणि छापतानाही खोडलेला नाही.

आता मूळ विषयाकडे येते.

मुलांना घरीच शिकवायचं, तेही श्रद्धेचा भाग म्हणून, ही आज ख्रिस्ती कुटुंबांत दिसणारी चळवळ अमेरिकेतली आहे आणि तिचं वय फार नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६२ आणि १९६३ च्या दोन निकालांनी सरकारी शाळांतली औपचारिक प्रार्थना आणि बायबल-वाचन बंद केलं. पुष्कळ ख्रिस्ती पालकांना वाटलं, शाळेनं आपल्याला बाहेर काढलं. काहींनी स्वतःच्या शाळा काढल्या. त्यातल्या काही शाळा गोऱ्या मुलांना काळ्या मुलांपासून वेगळं ठेवण्यासाठीच होत्या. हा डाग आहे आणि तो झाकून हा इतिहास सांगता येत नाही. काहींनी मुलं घरीच ठेवली. गंमत अशी की त्यांना शब्द पुरवले ते जॉन होल्ट नावाच्या शिक्षकानं, आणि होल्टला धर्माशी काही देणंघेणं नव्हतं. शाळेत मुलं शिकण्यापेक्षा भीती लपवायला जास्त शिकतात, हे त्याचं १९६४ च्या ‘हाऊ चिल्ड्रेन फेल’मधलं म्हणणं. दुसरीकडे रेमंड आणि डॉरोथी मूर हे सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट दांपत्य. १९७५ च्या ‘बेटर लेट दॅन अर्ली’त त्यांनी मांडलं की औपचारिक शिक्षणाची घाई मुलाला मानवत नाही, आठ-दहा वर्षांपर्यंत थांबलात तरी काही बिघडत नाही. १९८३ मध्ये अशा पालकांची बाजू न्यायालयात लढवणारी संस्था निघाली आणि १९९३ पर्यंत तिथल्या सर्व राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं. सरकारी पाहणीनुसार १९९९ मध्ये अशी साडेआठ लाख मुलं होती, २०१२ मध्ये सुमारे अठरा लाख.

त्याच २०१२ च्या पाहणीत पालकांना कारणंही विचारली होती. एकाहून जास्त कारणं सांगायची मुभा होती. धार्मिक शिक्षण हे कारण सुमारे ६४ टक्के पालकांनी दिलं. शाळेतल्या वातावरणाची काळजी मात्र ९१ टक्क्यांनी. श्रद्धेच्या पुढे धास्ती चालते आहे, असा मी त्याचा अर्थ लावते. धास्ती वाईटच असं नाही, पण तिच्या हातात खडू देऊ नये.

सगळीकडचे कायदे सारखे नाहीत. इंग्लंडच्या कायद्यात मुलाचं शिक्षण शाळेत ‘किंवा अन्य प्रकारे’ व्हावं अशा अर्थाची दोन शब्दांची फट १९४४ पासून आहे, आणि त्या फटीतून हजारो कुटुंबं सुखानं ये-जा करतात. जर्मनीत शाळा सक्तीची. तिथल्या काही ख्रिस्ती पालकांनी युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत दाद मागितली. २००६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये न्यायालयानं जर्मनीच्याच बाजूनं कौल दिला. मूल एकट्या आईबापांचं की समाजाचंही, हा वाद त्या खटल्यांत उघडा पडतो. आमच्या स्वयंपाकघरातही तोच चालला होता, भाषा तेवढी वेगळी.

चळवळीबरोबर पुस्तकांचा धंदा आला. सुनेनं पहिल्या वर्षी अमेरिकेहून एक अख्खा संच मागवला: रंगीत, गुळगुळीत, प्रत्येक पानाच्या तळाशी बायबलचं वचन. गणिताच्या पुस्तकात नाणी होती. निकेल पाच सेंटचा, डाइम दहाचा, क्वार्टर पंचवीसचा, आणि डाइम निकेलपेक्षा मोलानं मोठा असून आकारानं लहान. माझी नात चार दिवस त्या डाइमशी झगडली. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं वीस रुपयांतून चौदा कापून सहा परत दिले, ते तिनं न मोजता मुठीत घेतले; कारण मोजायचे ते पैसे पुस्तकात असतात अशी तिची समजूत झाली होती. दुसऱ्या वहीत सुनेनं या दिवसाबद्दल एकच ओळ लिहिली आहे: ‘संच माळ्यावर टाकला.’ विज्ञानाच्या पुस्तकाबद्दल मी वेगळं काही लिहीत नाही. पृथ्वीचं वय सहा-दहा हजार वर्षं सांगणारं पुस्तक दख्खनच्या पठारावर बसून मुलांना शिकवायचं, तेही लाव्हाचे थर अंगावर घेऊन उभ्या असलेल्या पुण्याच्या वेताळ टेकडीच्या पायथ्याशी, हे माझ्याच्यानं झालं नसतं. सुदैवानं तेही माळ्यावर गेलं.

संच गेल्यावर सुनेनं जुन्या बायकांकडे मोर्चा वळवला. मला पुस्तकाचा हा भाग सर्वांत आवडतो.

सुझना वेस्ली हे नाव आमच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, मदर्स डेच्या उपदेशात हमखास येतं. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लींची आई म्हणून. लिंकनशायरमधल्या एपवर्थ गावी पाळकाच्या घरात तिनं एकोणीस बाळंतपणं काढली. त्यातली दहाच्या आसपास मुलं जगली, आणि त्या सगळ्यांना तिनं घरी शिकवलं. मूल पाच वर्षांचं झालं की दुसऱ्या दिवशी अक्षरओळख. ती एका दिवसात व्हायचीच. दोघींना दीड दिवस लागला, तर तिनं त्यांना मंद ठरवलं! अक्षरं आली की थेट उत्पत्तीचा पहिला अध्याय. हा खाक्या मला कधी पटला नाही, सुनेलाही नाही. पण जॉनला १७३२ साली लिहिलेल्या पत्रात सुझनानं आपली पद्धत सविस्तर मांडली आहे, आणि तीत एक नियम असा आहे की मुलीला नीट वाचता आल्याशिवाय तिला शिवणकामाला बसवायचं नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी! शिवाय रोज संध्याकाळी एकेका मुलाशी एकटीनं बोलायचं. जॉनचा वार गुरुवार. मोठा होऊन ऑक्सफर्डला शिकवू लागल्यावरही त्याला त्या गुरुवारची आठवण येत होती.

उपदेशात सांगत नाहीत ते असं. १७०९ मध्ये घर जळालं, मुलं शेजाऱ्यांकडे आणि नातेवाइकांकडे पांगली, आणि परत आली ती गावंढळ बोली नि नको ती गाणी शिकून. सुझनाला सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. बाहेरचा वारा लागायला काही महिने पुरले. आणि आठव्या वर्षी ग्रीक वाचणाऱ्या हेटीचं, तिच्या सर्वांत हुशार लेकीचं, पुढचं आयुष्य बापाच्या हट्टानं झालेल्या लग्नात करपून गेलं. घरानं तिला ग्रीक दिलं, पण तिचं ऐकून घेतलं नाही.

दुसरी बाई शार्लट मेसन. १८४२ चा जन्म, लग्न केलं नाही, आयुष्यभर शिक्षिका. १८८६ मध्ये तिचं ‘होम एज्युकेशन’ आलं. पुढे इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात, अॅम्बलसाइडला, ती मुलं सांभाळणाऱ्या शिक्षिका घडवू लागली. सहा वर्षांपर्यंत अभ्यास नाही. हवा बरी असेल त्या दिवशी चार ते सहा तास घराबाहेर. धडे लहान, पण त्या वेळात पूर्ण लक्ष. सारांश काढलेली पाठ्यपुस्तकं नकोत, जीव ओतून लिहिलेली पुस्तकं हवीत. एकदा वाचून दाखवायचं आणि मुलानं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. प्रश्नोत्तरं नाहीत, गाळलेल्या जागा नाहीत. एका अमेरिकन लेखिकेनं १९८४ मध्ये तिच्यावर लिहिलं आणि विसरलेली मेसन ख्रिस्ती घरांत परत आली. माझी सून आधी तिच्या प्रेमात पडली, नंतर मी. परत सांगायला लावणं ही काही इंग्लंडची मक्तेदारी नाही. आमच्या मंडळीत कीर्तन झालं की म्हाताऱ्या दुसऱ्या दिवशी धुण्याच्या दगडावर अख्खं आख्यान परत सांगत, आणि ज्या बाईला ते नीट सांगता येई तिला वाचता येत नाही हे कोणाच्या लक्षातही येत नसे.

पण सुझना काय, मेसन काय, परक्या. या विषयावर मराठी माणसाला विचार करायचा असेल तर पंडिता रमाबाईंपासून सुरुवात करावी लागते. सुनेच्या खर्ड्यात त्यांचं नावच नव्हतं. ही एक भर मात्र माझी.

रमाबाई शाळेत गेल्या नाहीत. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यापायी लोकांचा रोष पत्करला आणि घाटातल्या रानात गंगामूळला आश्रम थाटला. तिथे १८५८ च्या एप्रिलमध्ये रमाबाईंचा जन्म झाला. त्या काही महिन्यांच्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडलं आणि मग अनेक वर्षं चालतच राहिलं. वडील थकलेले, म्हणून शिकवलं ते आईनं, लक्ष्मीबाईंनी: पहाटे, तोंडी, पाठ करून घेऊन. पुराणांतले हजारो श्लोक मुलीच्या जिभेवर बसले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप गेले, आणि १८७८ मध्ये हीच मुलगी कलकत्त्याच्या विद्वानांसमोर उभी राहून ‘पंडिता’ झाली. कुठलंही प्रशस्तिपत्र नसताना, कुठल्याही पटावर नाव नसताना. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक त्यांनी आईला अर्पण केलं आहे. घरी शिकवणाऱ्यांना याहून मोठा दाखला मी देऊ शकत नाही.

आता त्याच दाखल्याची दुसरी बाजू. १९०७ च्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी स्वच्छ सांगितलं आहे की आईवडिलांना मुलांचा बाहेरच्या जगाशी संबंध नको होता. संस्कृतखेरीज दुसरी भाषा नको, ऐहिक शिक्षण नको. मुलांनी आपल्या धर्मात पक्कं राहावं हाच हेतू. हेतू शंभर टक्के धार्मिक, शिकवणारी आई असामान्य, मूल बुद्धिमान, बाहेरचा वारा बंद. आणि १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेजला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती वाचकांना इथे आनंद होतो. पाळकसाहेबही ही गोष्ट ख्रिस्ताचा विजय म्हणून सांगतात. मी एवढंच म्हणते की क्षणभर लक्ष्मीबाईंच्या जागी बसून पाहा. ज्या कारणासाठी त्यांनी मुलीला जगापासून दूर ठेवलं, नेमकं तेच हातून निसटलं. उरलं ते मुलीला दिलेलं वाचणं, पारखणं, प्रश्न विचारणं. घर विद्या देऊ शकतं, श्रद्धेची हमी देऊ शकत नाही. ‘मुलं घरी ठेवली म्हणजे विश्वासात राहतील’ अशा भरवशानं कोणी हे पुस्तक उघडणार असेल तर त्यानं ते इथेच मिटावं. पुढे रमाबाईंनाही हेच भोगावं लागलं, उलट्या बाजूनं: वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी लहानग्या मुलीच्या, मनोरमाच्या, धार्मिक शिक्षणावरून त्यांची किती खडाजंगी झाली ते त्यांच्या पत्रव्यवहारात आहे. मुलीला काय शिकवायचं हे मी ठरवीन, मठ नाही. केडगावचं मुक्ती मिशन उभारणाऱ्या, अख्ख्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करणाऱ्या बाईचा हा हट्ट मला फार जवळचा वाटतो. हजारो अनाथ बायका-मुलींसाठी तिनं शाळा काढल्या, पण आपल्या लेकरावरचा हक्क सोडला नाही. तिच्यात दोन्ही होतं.

शास्त्राचा आधार म्हणून घरी शिकवणारे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा सहावा अध्याय दाखवतात: आज्ञा मुलांना घरात बसता, वाटेनं चालता, निजता, उठता शिकवाव्यात असा त्याचा भाव. खरंच आहे. पौल तीमथ्याला त्याच्या आईची नि आजीची आठवण देतो, तेही खरं. त्यात आजीचं नाव आधी येतं हे मी सुनेला वेळोवेळी ऐकवते. पण लूकच्या दुसऱ्या अध्यायाबद्दल ही मंडळी गप्प असतात. बारा वर्षांचा येशू आईबापांना तीन दिवस सापडला नाही, आणि सापडला तो मंदिरात, परक्या गुरूंच्या मध्ये, ऐकत आणि प्रश्न विचारत बसलेला.

वह्यांकडे वळते. सकाळी प्रार्थना आणि एक गाणं, बहुधा ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहातलं. मग भाजी निवडणं, म्हणजे मोजणं. मग टेकडी. परत आल्यावर वाचन. दुपारी आईचा डोळा लागला की मुलं, म्हणजे नात आणि नातू, काय करतात ते दुसऱ्या वहीत आहे. तिथे मी जास्त हसले. पोरीला वाचता येईपर्यंत ती साडेसात वर्षांची झाली. त्याआधीचं वर्ष तिसऱ्या वहीत आहे. त्यात दर दुसऱ्या पानावर सून स्वतःला विचारते की आपण मुलीचं वाटोळं तर करत नाही ना. मी तेव्हा महिन्यातले दहा दिवस पुण्याला राहू लागले होते. मराठी माझ्याकडे आली. नातवंडं बायबलच्या गोष्टी इंग्रजीत सांगायला लागली आणि मला ते सोसवलं नाही; विरोध बाजूला ठेवून कामाला लागले. एका सकाळी, ‘आता वाच’ असं कोणी म्हटलेलं नसताना, नातीनं दुधाच्या पिशवीवरचं ‘गाईचे दूध’ मोठ्यानं वाचलं आणि परत खेळायला निघून गेली.

हरवलेल्या मेंढराची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा ती सहाची होती. शंभरातलं एक हरवतं, मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याच्या शोधात जातो. तिनं आपल्या शब्दांत परत सांगितली, चांगली सांगितली, आणि शेवटी विचारलं, “आजी, मग नव्याण्णव कोणाकडे होती?”

छत्तीस वर्षं ही गोष्ट मी वर्गात सांगितली. साठ-साठ मुलांच्या वर्गात. एकानंही हे विचारलं नाही. किंवा विचारलं असेल, आणि घंटा झाली असेल. मला उत्तर आलं नाही. पुढच्या आठवड्यात नगरला जाताना सुप्याच्या अलीकडे रस्त्यावर धनगरांचा वाडा लागला, तेव्हा सुनेनं गाडी थांबवून पोरीला खाली उतरवलं. म्हाताऱ्या धनगराला प्रश्नात काहीच नवल वाटलं नाही. म्हणाला, “दुसरा गडी असतोय ना. कुत्री असत्यात. एकला मानूस शंभर राखीत न्हाई, बाई.”

तेव्हापासून आमच्या घरात भांडण मिटलं असं नाही. फक्त मला त्याचा आकार कळला. माझी सून एका मेंढराच्या मागे गेली आहे. मी आयुष्यभर नव्याण्णवांपाशी उभी होते. धारवाडच्या त्या मुलाला सरकारनं नव्याण्णवांसाठी सोडलं होतं.

माझे आक्षेप उरतात, ते इथे नोंदवते. पहिला, हे ज्यांना परवडतं त्यांनाच परवडतं. एकाच्या पगारात घर चालावं लागतं आणि दुसऱ्याला, म्हणजे बहुतेक ठिकाणी बाईला, नोकरी सोडावी लागते. या तीन वह्यांत माझा मुलगा किती वेळा दिसतो ते मी मोजलं: अकरा वेळा, त्यात चार वेळा तो प्रवासाला निघालेला आहे. कुटुंबानं शिकवलं असं म्हणतात तेव्हा आईनं शिकवलं असं वाचावं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वर्गात शिकवताना दोन वेळा माझ्या लक्षात आलं की मुलाच्या अंगावरच्या खुणा पडल्याझडल्याच्या नाहीत. एकदा मी वेळेवर बोलले, एकदा उशीर केला. शाळा म्हणजे मुलाला घराबाहेरचं कोणीतरी रोज पाहतं. सगळी घरं माझ्या सुनेच्या घरासारखी नसतात. अमेरिकेत घरी शिकून मोठ्या झालेल्या काही तरुणांनीच २०१३ मध्ये एक संस्था काढली ती याच मागणीसाठी, की अशा मुलांवर कोणाची तरी नजर असावी. आयडाहोच्या डोंगरात वाढलेल्या टॅरा वेस्टओव्हर यांचं २०१८ चं ‘एज्युकेटेड’ वाचलेल्यांना मी काय म्हणते ते कळेल. ते मॉर्मन घर होतं, पण दार बंद झालं की घराचा पंथ कोणता हा प्रश्न उरत नाही. देवाचं नाव घेऊन दार बंद करणाऱ्यांचा मला जास्त धाक वाटतो, कारण मंडळीतले लोक अशा दारावर थाप मारायला कचरतात.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण पत्रं येणार ती याचीच. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत घालणं त्याच्या दहाव्या कलमानं पालकाचं कर्तव्य ठरवलं आहे, पण न घातल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. याला कोणी मुभा म्हणतं, कोणी दुर्लक्ष. मात्र शेजारची दहा पोरं गोळा करून त्याला शाळा म्हणू नका; मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या परीक्षा आहेत, दहावी-बारावीही आहे. आणि मूल कधी शाळेत घालावंसं वाटलं तर कायद्याचं चौथं कलम त्याला वयाप्रमाणे वर्ग देतं. जन्माचा दाखला जपून ठेवा.

वाचकांना एक विनंती. पहिल्या वहीपासून सुरुवात करू नका. तिच्यात उत्साह फार आहे, आणि माझ्यावरचा राग. तिसरी वही आधी वाचा, ज्या वर्षी काहीच येत नव्हतं त्या वर्षाची. तीत फेब्रुवारीची पानं कोरी आहेत. दोन्ही मुलांना कांजिण्या झाल्या होत्या. प्रकाशक ती गाळणार होते, आम्ही तशीच ठेवायला सांगितली.

नात या जूनपासून पाचवीत जाते. हट्ट तिचाच होता. तिला डबा न्यायचा होता. वर्गात अठ्ठावन्न मुलं आहेत आणि पहिल्या चाचणीत तिला गणितात वीसपैकी नऊ मिळाले. नातू अजून घरीच आहे. त्याची चौथी वही चालू आहे, ती या पुस्तकात नाही.